जवस घ्यावं की जवसाचं तेल? खरेदी, साठवण आणि खाण्याची पद्धत, सगळं एकाच ठिकाणी

जवस म्हणजे विदर्भातल्या घराघरांत चटणीच्या रूपाने खाल्ला जाणारा पदार्थ. पूर्वी करडई, हरभऱ्याच्या शेताला जवसाच्या ओळी असायच्या. धानपट्ट्यात भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागात उभ्या धानात बी फेकून उतेरा पद्धतीने जवस घेतला जायचा. घाणीवरून काढून आणलेलं तेल भाकरीसोबत चटणीवर, झुणक्यावर कच्चंच घेतलं जायचं. मधल्या काळात सोयाबीन आणि पामतेल आलं आणि जवस मागे पडला.

आता तोच जवस 'सुपरफूड' म्हणून परत आला आहे. मोबाईलवर रोज नवा मेसेज येतो. कोणी म्हणतं शुगर जाते, कोणी म्हणतं बीपीची गोळी बंद होते, कोणी तर कॅन्सर बरा होतो असंही सांगतं. दुकानात जवस आहे, भाजलेला जवस आहे, पावडर आहे, तेल आहे, कॅप्सूल आहे. यातलं काय घ्यायचं, किती खायचं आणि कशापासून लांब राहायचं, याची ही माहिती.

आधी नावाचा गोंधळ दूर करा

जवस आणि अळशी एकच. विदर्भात जवस म्हणतात, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्यात जवस आणि अळशी दोन्ही नावं चालतात. हिंदीत अलसी किंवा तिसी. इंग्रजीत फ्लॅक्ससीड आणि लिनसीड ही दोन्ही नावं याच बियांची आहेत. खाण्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा फ्लॅक्ससीड असतं, शेती आणि रंगाच्या व्यापारात लिनसीड.

पण दोन नावं वेगळी आहेत, ती लक्षात ठेवा:

- अळीव (हळीव) म्हणजे अळशी नव्हे. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात ते लालसर, बारीक बी म्हणजे अळीव.
- जव म्हणजे जवस नव्हे. जव म्हणजे सातू, ते धान्य आहे. ऑनलाइन मागवताना 'जव' टाइप केलं तर भलतंच घरी येतं.

जवसाचं बी चपटं, गुळगुळीत, चकचकीत, एका टोकाला निमुळतं असतं. रंग तपकिरी किंवा पिवळसर सोनेरी. सोनेरी जवस महाग विकला जातो, पण पोषणाच्या बाबतीत दोघांत फार फरक नाही. आपला गावरान तपकिरी जवस काही कमी नाही.

जवसात असतं काय?

100 ग्रॅम जवसात साधारण 42 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, 18 ग्रॅम प्रथिने आणि 27 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. सोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह आहे. पण जवसाचं नाव झालं ते तीन गोष्टींमुळे:

1. ओमेगा-3: जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-3 प्रकाराचा असतो. रोजच्या सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा तेलात ते एक तर थोडं असतं किंवा जवळपास नसतंच.
2. तंतू (फायबर): भिजवल्यावर जो बुळबुळीत चिकट पदार्थ सुटतो, तोही एक प्रकारचा तंतूच. पोट साफ होण्यास त्याची मदत होते.
3. लिग्नान: वनस्पतीतून मिळणारा हा घटक जवसात इतर धान्य-बियांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. तेल काढलं की त्यात फक्त पहिली गोष्ट येते. तंतू आणि प्रथिने ढेपेत राहतात, लिग्नानही बहुतांश ढेपेतच जातात. म्हणजे आख्खा जवस दळून खाल्ला तर तिन्ही मिळतं, तेल घेतलं तर एकच.

एका चमच्याचा हिशेब

- दळलेला जवस, 1 मोठा चमचा (सुमारे 7 ग्रॅम): ओमेगा-3 सुमारे 1.6 ग्रॅम, तंतू सुमारे 2 ग्रॅम, 37 कॅलरी.
- जवसाचं तेल, 1 मोठा चमचा (सुमारे 14 ग्रॅम): ओमेगा-3 सुमारे 7 ग्रॅम, तंतू शून्य, 120 कॅलरी.
- 1000 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल: ओमेगा-3 साधारण अर्धा ग्रॅम.

या प्रकारच्या ओमेगा-3 ची दिवसाची गरज मोठ्या पुरुषाला 1.6 ग्रॅम आणि स्त्रीला 1.1 ग्रॅम धरली जाते. म्हणजे दळलेल्या जवसाचा एक मोठा चमचा दिवसाला पुरतो. त्याच्या बरोबरीला तीन कॅप्सूल लागतील. पैशाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

एक मर्यादाही आहे. मासळीतून मिळणारं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं असतं. जवसातलं ओमेगा-3 शरीरात गेल्यावर त्यातला फार थोडा भाग त्या प्रकारात बदलतो. त्यामुळे जवस मासळीची पूर्ण जागा घेत नाही. पण शाकाहारी घरात हा सोपा आणि स्वस्त मार्ग नक्कीच आहे.

आजारावर खरंच उपयोग होतो का?

काही बाबतीत होतो, पण मेसेजमध्ये सांगतात तेवढा नाही.

रक्तदाब: कॅनडात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 110 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेला जवस खाद्यपदार्थांतून दिला, दुसऱ्या गटाला जवस नसलेले तसेच पदार्थ. जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 10 आणि खालचा सुमारे 7 अंकांनी कमी दिसला. मात्र हे गोळ्या सोडून नव्हे, नेहमीच्या उपचारासोबत.

कोलेस्टेरॉल: अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर आख्ख्या जवसाने वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं असं दिसलं. तेलाने मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे इथेही बी वरचढ ठरलं.

बद्धकोष्ठता: तंतूमुळे फायदा होतो, पण पाणी भरपूर प्यायलं तरच.

मधुमेह: साखर नियंत्रणात थोडी मदत होऊ शकते. पण गोळी किंवा इन्सुलिनला जवस हा पर्याय नाही.

कॅन्सर: पनीर किंवा दह्यात जवसाचं तेल मिसळून खाल्लं की कॅन्सर बरा होतो, असा मेसेज कायम फिरत असतो. त्याचं मूळ जर्मनीतल्या योहाना बुडविग यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या आहारात आहे. या आहाराने कॅन्सर बरा होतो हे रुग्णांवरच्या कोणत्याही विश्वासार्ह चाचणीत सिद्ध झालेलं नाही. यावर विसंबून ऑपरेशन किंवा केमो पुढे ढकललं, तर गेलेला वेळ परत मिळत नाही.

जवस घेताना काय पाहायचं?

- आख्खा घ्या, पावडर नको. दळलेला जवस हवेच्या संपर्काने लवकर खवट होतो. दुकानात पावडर किती दिवस पडून आहे हे कळत नाही.
- हातात घेऊन पाहा. दाणा चकचकीत, कोरडा, मुठीतून घसरणारा हवा. चिकटलेले गोळे, बुरशीचा वास, फुटके दाणे जास्त असतील तर सोडून द्या.
- दोन दाणे चावून बघा. चव शेंगदाणा-अक्रोडासारखी हवी. कडू लागला किंवा जुन्या तेलाचा वास आला तर तो माल खवट झाला आहे.
- नवा माल केव्हा येतो? जवस रब्बीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. मार्च-एप्रिलमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा जवस घेणं सगळ्यात चांगलं.
- माती-खडे निवडून घ्या. सैल माल चाळून, पाखडून घ्या. जवस धुवायला गेलात तर तो चिकट होतो, म्हणून कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पुसलेला बरा.

पेरणीचं बियाणं कधीही खाऊ नका. कृषी केंद्रातून आणलेल्या पाकिटातल्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. पेरून उरलेलं बियाणं धुऊन, भाजून चटणीत वापरलं तरी ते विष जात नाही.

घरच्या शेतात लावणाऱ्यांनी जात पाहून घ्यावी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-99 ही जात काढली आहे. तिच्या तेलात ओमेगा-3 पाच टक्क्यांहूनही कमी ठेवलं आहे, म्हणजे तेल टिकतं आणि स्वयंपाकाला चालतं. पण ओमेगा-3 साठीच जवस खायचा असेल तर ही जात त्या कामाची नाही. नेहमीच्या जातीच घ्या.

तेल घेताना: ही चूक जिवावर बेतू शकते

हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानातही 'अळशीचं तेल' मिळतं. लाकडाला, दारं-खिडक्यांना लावायला, रंगात मिसळायला ते वापरतात. डब्यावर 'लिनसीड ऑइल', 'बॉइल्ड' किंवा 'डबल बॉइल्ड' असं लिहिलेलं असतं. हे तेल खायचं नाही. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंची रसायनं मिसळलेली असतात. नाव सारखं आहे आणि स्वस्त आहे म्हणून कोणी घेऊन येऊ नये. ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी तो स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून लांब ठेवावा. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. म्हणून त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खायचं तेल घेताना:

- बाटलीवर 'खाद्य तेल' आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे का पाहा.
- काढल्याची आणि मुदत संपण्याची तारीख वाचा. ताजं तेवढं चांगलं.
- बाटली गडद रंगाची, लहान असावी. एक लिटरपेक्षा पाव लिटरची परवडते, कारण उघडल्यावर तेल टिकत नाही. उन्हात मांडलेली पारदर्शक बाटली घेऊ नका.
- कमी उष्णतेत काढलेलं, म्हणजे घाणीचं किंवा 'कोल्ड प्रेस्ड' तेल निवडा.
- सुटं तेल टाळा. त्यात काय मिसळलं ते डोळ्यांना कळत नाही.

घाणीवर काढून घ्यायचं असेल तर स्वतःचा जवस घेऊन जा आणि समोर उभं राहून काढून घ्या. आधीच्या घाण्यात दुसरं तेल काढलं असेल तर घाणी साफ झाली आहे का विचारा. साधारण तीन-साडेतीन किलो जवसातून एक लिटरच्या आसपास तेल निघतं. यावरून भावही तपासता येतो. तीन किलो जवसाला जेवढे पैसे पडतात, त्याहून बराच स्वस्त एक लिटर 'शुद्ध जवस तेल' कोणी देत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

उरलेली ढेप जनावरांना चालते. फक्त ती कोमट पाण्यात भिजवून तासन्‌तास ठेवू नका, त्यातून विषारी घटक सुटू शकतो. कोरडी द्या किंवा चांगली उकळून द्या.

साठवण: ऊन, हवा आणि उष्णता हे तीन शत्रू

ज्या गुणामुळे जवसाचं तेल रंगात वापरतात, त्याच गुणामुळे ते खवट होतं. ते हवेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतं.

- आख्खा जवस: एक-दोन दिवस उन्हात वाळवून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षभर टिकतो. पावसाळ्यात मधूनमधून डबा उघडून वास घ्या.
- दळलेला जवस: फ्रिज असेल तर हवाबंद बरणीत दोन-चार आठवडे. फ्रिज नसेल तर एका आठवड्यापुरताच दळा. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांपुरताच.
- चटणी: ओला चमचा लावू नका. आठ-दहा दिवसांत संपेल एवढीच करा.
- तेल: बाटली उघडली की फ्रिजमध्येच. झाकण घट्ट लावा. सहा-आठ आठवड्यांत संपवा. घरात फ्रिज नसेल तर तेलाच्या नादाला लागू नका, आख्खा जवस घ्या. विदर्भातल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं तेल टिकत नाही.

शुद्ध जवसाचं तेल फ्रिजमध्ये पातळच राहतं. थोडी गढूळता चालते, पण ते तुपासारखं थिजलं तर त्यात दुसरं तेल असण्याची शक्यता आहे. रंगासारखा किंवा मासळीसारखा वास आला, चव कडू झाली, तर तेल फेकून द्या. पैसे गेले म्हणून संपवत बसू नका.

खायचं कसं?

1. दळूनच खा. आख्खा दाणा गुळगुळीत असतो, नीट चावला गेला नाही तर जसाच्या तसा बाहेर पडतो. मिक्सर, खलबत्ता, काहीही चालेल.

2. भाजून खा. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक थोड्या प्रमाणात असतात. चमचा-दोन चमच्याने मोठ्या माणसाला त्रास होत नाही, पण वाटीभर कच्चा दळलेला जवस एकदम खाणं धोक्याचं आहे. भाजल्याने हे घटक कमी होतात. चटणीसाठी जवस भाजून घ्यायची आपली जुनी रीत म्हणूनच योग्य आहे. मंद आचेवर दाणे तडतडू लागले की उतरवा, काळे करू नका. एवढ्या भाजण्याने ओमेगा-3 फारसं कमी होत नाही.

3. थोड्यापासून सुरुवात. पहिला आठवडा एक चहाचा चमचा. सोसलं तर पुढे एक मोठा चमचा. जास्तीत जास्त दोन. सोबत ग्लासभर पाणी हवंच.

जवसाची चटणी: एक वाटी जवस मंद आचेवर भाजा. त्याच तव्यावर एक चमचा जिरं आणि आठ-दहा लसूण पाकळ्या परता. थंड झाल्यावर लाल तिखट आणि मीठ घालून जाडसर वाटा. रक्तदाब असलेल्यांच्या घरी मीठ हात राखून टाका, नाहीतर जवसाचा फायदा मिठात जातो.

रोजच्या जेवणात: भाकरीच्या पिठात, वरणात, भाजीवर, ताकात, दह्यात एक चमचा भाजून दळलेला जवस. हिवाळ्यात गूळ आणि तीळ घालून लाडू.

तेल: हे फोडणीचं तेल नाही. सुमारे 107 अंशांलाच ते धूर सोडू लागतं, तळणाच्या तेलाला तर 170-180 अंश उष्णता लागते. म्हणून गॅस बंद केल्यावर, ताटात वरून घ्या. चटणीवर, झुणक्यावर, कोशिंबिरीवर एक चहाचा चमचा पुरे. वरून घेतलं तर रोजच्या तेलात तेवढी काटछाट करा.

कोणी जपून राहावं?

- रक्त पातळ होण्याच्या गोळ्या (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन) घेणारे: डॉक्टरांना विचारूनच.
- शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेणारे: जवस रोज सुरू केला तर साखर आणि दाब तपासत राहा. गोळी स्वतःहून कमी करू नका.
- कोणतीही गोळी चालू असेल तर जवस आणि गोळी यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवा. चिकट तंतूंमुळे औषध नीट शोषलं जात नाही.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया: जेवणातली चिमूटभर चटणी वेगळी. रोज चमचे भरून जवस, तेल किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
- ऑपरेशन ठरलं असेल तर जवसाचं तेल किंवा कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा.
- आतड्याचा अडथळा, गिळायला त्रास असणाऱ्यांनी टाळा. लहान बाळांना देऊ नका.
- खाल्ल्यावर अंगाला खाज, चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास झाला तर ॲलर्जी समजा आणि लगेच दवाखाना गाठा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रात्री भिजवून सकाळी खाल्लं तर? चालतं. पोट साफ व्हायला उपयोग होतो. पण दाणे नीट चावा, नाहीतर ओमेगा-3 मिळणार नाही.

किती दिवसांत फरक पडतो? पोटाचा फरक काही दिवसांत कळतो. रक्तदाब, कोलेस्टेरॉलसाठी महिने लागतात आणि फरक तपासणीतच कळतो, अंदाजाने नाही.

पाकिटातला भाजलेला, मसालेदार जवस चांगला का? मुखवास म्हणून ठीक. पण मीठ-साखर किती आहे ते मागे वाचा.

तेलात भेसळ वाटली तर तक्रार कुठे? बाटली आणि बिल जपून ठेवा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या 1800112100 या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

थोडक्यात

बहुतेक घरांसाठी तेलापेक्षा आख्खा जवस बरा. स्वस्त पडतो, टिकतो, भेसळ ओळखू येते आणि त्यातून जास्त काही मिळतं. आठवड्यापुरता भाजून दळा, रोज एक मोठा चमचा खा, पाणी प्या. तेल घ्यायचंच असेल तर खाद्य तेल, लहान बाटली, फ्रिज आणि कच्चंच. रंगाच्या दुकानातला डबा जेवणात कधीच नको. आणि गोळ्या जशा चालू आहेत तशाच चालू ठेवा.